उजव्या बाजूची रिकीब

चादरीचं एक टोक आक्काच्या हातात होतं आणि बाकीची चादर बादलीत. अर्धी पिळून झाली होती, अर्धी साबणाच्या पाण्यात तशीच. तेवढ्यात मनात काय आलं कोण जाणे, तिनं हातातलं टोक सोडलं, ते धप्पकन पाण्यात पडलं, आणि आक्का मोरीतल्या स्टुलावरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून दिसण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घराची भिंत आणि भिंतीवरून खाली आलेला पाण्याचा पाइप. ती तो पाइपच बघत राहिली. मग परत मोरीत आली, चादरीला हात घातला आणि परत सोडला.

सकाळपासून हेच चाललं होतं. चहा केला, गाळला आणि प्यायचा राहिला. जपाला बसली तर मणी नुसते बोटांखालून सरकले, मोजणी कुठल्या कुठे गेली. देवाची माफी मागून तिनं पुन्हा पहिला मणी धरला, तर चाळिसाव्याला पुन्हा तेच. डोळ्यांपुढे घोडीचे कान. मागे पडलेले, मानेला चिकटलेले कान.

"मोरीत काय लपंडाव चाललाय?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं. तो शिंपी. दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती, पण मशीन काही बंद झालं नव्हतं. शेजारपाजारचे पडदे, उशांचे अभ्रे, आक्काच्या कामाच्या विजारी, असं काहीतरी त्याच्या सुईखाली असायचंच.

"काही नाही. चादर जड झालीये."

"चादर कालही तेवढीच होती," तो म्हणाला, आणि मशीन पुन्हा घरघरू लागलं.

आक्का घोडेस्वारीच्या शाळेत कामाला होती. माणसांना शिकवायला तिथं मास्तर होते, शाळाही त्यांचीच. घोड्यांना शिकवायला आक्का. नवीन घोडं आलं की मास्तर दोरी तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुमचा विद्यार्थी." मग महिना-दोन महिने कुणी त्या घोड्याजवळ फिरकायचं नाही. पहाटे साडेपाचला आक्का रिंगणात असायची. आधी नुसतं तोंडाची मोरखी धरून चालवायचं. मग लांब दोरावर गोल फिरवायचं, कदम, दुडकी, पुन्हा कदम. मग पाठीवर रिकामं पोतं. मग खोगीर. मग एक दिवस ती स्वतः.

हे सगळं तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं. वडील नालबंद. ते खूर मांडीवर घेऊन खिळे ठोकत, तेव्हा घोड्याचं तोंड धरून उभं राहायचं काम लहानग्या आक्काचं. "त्याच्याशी बोलत राहा," वडील सांगायचे, "काय बोलतेस ते त्याला कळत नाही, पण गप्प बसलीस तर ते बरोबर कळतं." आता घोड्याशी बोलायचं तरी काय? शाळेत त्या आठवड्यात तेराचा पाढा चालू होता, तोच ती म्हणायला लागली. पन्नाशी उलटली तरी बिथरलेलं जनावर समोर आलं की आक्काच्या तोंडून आपोआप निघायचं, "तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस." मास्तर चेष्टा करायचे, "आमचे घोडे हिशोबात पक्के आहेत हो."

दोन वर्षांपूर्वी एका थोराड काळ्या घोड्यानं तिला तबेल्याच्या भिंतीशी दाबलं. मुद्दाम नव्हे, मागं सरला आणि मधे आक्काचा डावा पाय आला. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. त्या वेळी तबेल्यात कुणी नव्हतं. आक्का बादली उलटी घालून तिच्यावर बसली, पंधरा मिनिटांनी उठली आणि कुणाला काही बोलली नाही. दोन दिवसांत बरं होईल म्हणाली, मग दोन आठवड्यांत म्हणाली, मग म्हणायचंही सोडून दिलं. दुखणं अंगावर काढायची तिची सवय जुनी. शिवाय गुडघा गेलेल्या बाईला घोडे शिकवायला कोण ठेवणार? झाकली मूठ बरी.

पण मूठ झाकली तरी गुडघा वाकेना. घोड्यावर डाव्या बाजूनं चढायचं, ही जगाची रीत. डावा पाय खोगिराला लटकणाऱ्या रिकिबीत घालायचा, तो कमरेएवढा उंच उचलावा लागतो, आणि नेमकं तेच आता होत नव्हतं. म्हणून आक्का उजव्या बाजूनं चढायला लागली. उजवा पाय रिकिबीत, डावा सरळच्या सरळ वरून पलीकडे. पहाटे बघणारं कुणी नसायचं. मास्तर सातला यायचे, तेव्हा ती केव्हाच वर असायची. उतरायची पंचाईत मोठी. मास्तर कचेरीत चहाला जाईपर्यंत ती घोड्यावरच बसून राहायची. कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. "आक्कांना जमिनीचा कंटाळा आहे," मास्तर म्हणायचे. आक्का हसायची. देवाला सगळं दिसतं, मास्तरांना दिसत नाही एवढंच, असं मनाशी म्हणायची आणि वर बघायचं टाळायची.

जुन्या घोड्यांना या उलट्या कारभाराचं काही वाटलं नाही. ते दोन्ही बाजूंनी शिकलेले होते. पण चिंचोकी अलीकडची होती; तिच्या पाठीवर पहिलं माणूस बसलं तेच आक्काचा गुडघा गेल्यानंतर.

चिंचोकी म्हणजे चिंचोक्याच्या रंगाची, तशीच गुळगुळीत अंगाची घोडी. शिंगरू होती तेव्हापासून आक्कानं वाढवलेली. सकाळी आक्का दाराशी आली की ती नाक पुढं करायची आणि आक्काच्या तळहातावर एक लांब, ऊन श्वास सोडायची. त्यानंतरच दाण्याकडे वळायची. आक्का वर चढताना ही घोडी दगडासारखी उभी राहायची, शेपटीसुद्धा हलवायची नाही. आक्काला वाटायचं, आयुष्यात शिकवलेलं सगळ्यात शहाणं जनावर हेच.

आणि काल, गुरुवारी, बाई आल्या होत्या. ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांना घोड्यावर बसवून व्यायाम देण्याचं केंद्र त्या चालवत. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांना शांत घोडी हवी होती. चिंचोकीला बघून त्या खूश झाल्या, कपाळावर हात फिरवला, मग डाव्या बाजूला गेल्या, रिकिबीत पाय घातला आणि अंग वर उचललं.

घोडीचे कान मागं पडले. ती अशी बाजूला उडाली, की बाई भुशात बसल्या.

आक्काला त्याच क्षणी कळलं, घोडं कुठं पेंड खातंय ते. त्या बाजूनं या घोडीवर आजवर कुणीही चढलेलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं डावीकडून अंगावर येणारा माणूस म्हणजे वाघच. आक्काच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. कारण ते सांगायचं तर गुडघाही सांगावा लागणार होता.

बाई उठल्या, भुसा झटकला, वर हसल्या. "जनावर चांगलं आहे, कुठंतरी अडतंय तिचं. शनिवारी अकराला पुन्हा बघते." त्या गेल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. "आक्का, जिच्यावर चढता येत नाही ती घोडी मी ठेवून काय करू? शनिवारी जमलं नाही तर रविवारी खाणीवरचा गाडीवाला येतोय. दगड ओढायला त्याला पाठीवर कुणी बसायला नको असतं."

असा तो गुरुवार. आणि आज शुक्रवार, शाळेला सुट्टी, आणि चादर बादलीत.

आक्का ओल्या हातांनीच बाहेरच्या खोलीत आली. "अहो."

नवऱ्यानं मशीन थांबवलं.

"माझा डावा गुडघा वाकत नाही. दोन वर्षं झाली."

त्यानं दातांतला दोरा काढला. मशीनवर तिचीच विजार होती. ती उचलून त्यानं तिच्यासमोर धरली. "हे बघ. उजव्या पायाला आतून चौथं ठिगळ लावतोय. घोड्यावर चढताना-उतरताना सगळा भार उजवीकडे. आणि डावा गुडघा बघ, कापड अजून कोरं आहे. आणल्यासारखं. चाळीस वर्षं कपडे शिवतोय मी, मला कापड वाचता येत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. म्हटलं, फार तर आठवडाभर." तो विजारीकडे बघत म्हणाला. "पिठाचा डबा खालच्या फळीवरून वर कुणी ठेवला? उंदरानं?"

आक्का पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. घोडी, बाई, गाडीवाला. शिंप्यानं ऐकून घेतलं. घोड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तीस वर्षांत तो एकदाही तबेल्याच्या दाराच्या आत गेला नव्हता. घोडा हे दोन्ही टोकांना धोका असलेलं जनावर आहे, असं त्याचं ठाम मत होतं.

"म्हणजे तिला डावी बाजू शिकवायची. शिकव की."

"मला डावीकडून चढता येतं का? त्याला दुसरं माणूस लागतं."

खोलीत दुसरं माणूस एकच होतं. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तो चपला शोधायला लागला.

चार वाजता ते तबेल्यात होते. शिंपी भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभा. "हिचे दात एवढे मोठे का आहेत?"

"चढायचं नाहीये तुम्हाला. नुसतं हातानं रिकीब खाली दाबा. अंगाचा भार द्या."

त्यानं दाबली. चिंचोकी फर्रकन बाजूला सरकली आणि शिंपी दाण्याच्या पेटीवर आदळला. आक्का पुढं उभी राहून मोरखी धरून पाढा म्हणत होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा घोडी उभी राहिली, पण सगळं अंग थरथरत होतं, कातडीवरून वारा गेल्यासारखं. चौथ्यांदा पुन्हा उडाली.

"उद्या अकरापर्यंत होईल?" शिंप्यानं पेटीवरून विचारलं.

"तीन आठवडे लागतील. रोज."

तो उठून खोगिराजवळ आला. आता भीती थोडी कमी झाली होती, किंवा डोळ्यांपुढे शिवण आल्यामुळे विसरली होती. रिकीब ज्या चामड्याच्या पट्ट्याला लटकते, त्याच्यावरून त्यानं अंगठा फिरवला. "हातशिवण आहे. जुना दोरा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डाव्या पट्ट्याचे चार टाके सुटले तर? बाई म्हणतील, पट्टा उसवलाय, उजवीकडून चढते. उजवीकडून घोडी शहाणी आहेच."

"भलतंच काहीतरी!" आक्का म्हणाली.

पण ती तिथून हलली नाही. तबेल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. घोडीनं मान वळवून तिच्या तळहातावर श्वास सोडला. पुन्हा टोकापर्यंत, पुन्हा परत. रविवारी गाडीवाला. खाणीचा चढ तिनं पाहिलेला होता.

"चारच टाके," ती शेवटी म्हणाली. "वर बसल्यावर पाय ठेवण्यापुरतं धरलं पाहिजे."

शिंप्यानं खिशातून टाके काढायची सुई काढली. ती त्याच्या खिशात होतीच. चाळीस वर्षं होती.

शनिवारी सकाळी जप पहिल्याच फेरीत पूर्ण झाला. एकही मणी चुकला नाही. आक्काला त्याचंच जास्त भय वाटलं.

अकराला बाई आल्या, खांद्याला कापडी पिशवी. सगळं ठरवल्यासारखं झालं. मास्तरांनी खोगीर तपासलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, हा पट्टा बघा! आजच उसवायचा होता याला!" बाकीची खोगिरं वर्गातल्या घोड्यांवर होती.

"बसल्यावर पाय ठेवला तर चालेल," आक्का म्हणाली. "चढताना भार नको."

"मग मी उजवीकडून चढते," बाई म्हणाल्या, "त्यात काय!"

त्या उजवीकडून चढल्या. चिंचोकी दगडासारखी उभी राहिली. आक्कानं लांब दोरावर तिला रिंगणातून फिरवलं, कदम, वळण, थांब, पुन्हा कदम. घोडीची पावलं मोजल्यासारखी पडत होती. मास्तर कुंपणाला टेकून हसायला लागले होते. "काय जादू केलीत हो एका दिवसात?"

आक्काला दोर ओढून पळत सुटावंसं वाटत होतं.

बाई उतरल्या, उजवीकडूनच, आणि घोडीच्या मानेवर थोपटलं. "ठरलं. सोमवारी नेते." मग पिशवीत हात घालून त्यांनी एक जाड चामड्याची कडी काढली, टोपलीच्या दांड्यासारखी. "ही खोगिराला पुढं बांधायची. मुलांना धरायला. आमच्याकडे एक छोटी आहे, तिची मूठ अजून नीट मिटत नाही, पण ही कडी बरोबर धरते. तीन महिने झाले, घोडी कधी येणार म्हणून रोज विचारते." त्या घोडीच्या डाव्या बाजूला गेल्या आणि कडी बसते का बघायला खोगिराशी वाकल्या.

चिंचोकीचा डावा कान मागं गेला. बाईंना दिसलं नाही. आक्काला दिसलं.

"तेर दुणे सव्वीस," आक्का मोठ्यानं म्हणाली आणि बाई व घोडी यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "बाई, थोड्या मागं व्हा. हिला डावी बाजू माहीत नाही."

"म्हणजे?"

"हिच्यावर डावीकडून कधी कुणी चढलेलंच नाही. मीच शिकवलंय हिला, आणि मला डावीकडून चढता येत नाही. माझा गुडघा गेलाय."

"गुडघा?" मास्तर कुंपणावरून सरळ झाले. "कुठला गुडघा? कधी?"

"डावा. दोन वर्षांपूर्वी. काळ्या घोड्यानं."

"दोन वर्षं! आणि रोज चढता कशा?"

आक्कानं चढून दाखवलं. उजवा पाय रिकिबीत, डावा सरळ वरून. घोडी हलली नाही. वर बसून तिनं पहिल्यांदाच मास्तरांच्या देखत उतरायचं ठरवलं, आणि उतरताना तोल गेला, तेव्हा खोगीर घट्ट धरावं लागलं. त्यानंतर कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"आणि पट्टा?" बाईंनी विचारलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"माझ्या नवऱ्यानं उसवला. मी सांगितलं म्हणून."

मास्तर एका उलट्या बादलीवर बसले. "तीस वर्षं, आक्का," एवढंच म्हणाले. तिला वाटलं होतं ते ओरडतील. तेही ऐकून घेतलं असतं तिनं.

बाईंचा आवाज मात्र चढला. "तुम्ही आत्ता गप्प बसला असतात, तर सोमवारी ती छोटी हिच्यावर डावीकडून चढली असती. कळतंय ना तुम्हाला?"

"कळलं म्हणून तर बोलले."

बाई रिंगणात एक फेरी मारून आल्या, भरभर, हात मागं बांधून. परत आल्या तेव्हा आवाज उतरला होता, राग मात्र तसाच होता. "किती दिवस लागतील डावी बाजू शिकायला?"

"तीन आठवडे. पण रोज कुणीतरी चढायला हवं. माणसं बदलत राहिली तर उत्तम."

"मी येईन. आठवड्यातून तीन दिवस. एकदा पडलेच आहे, आता काय! पण मला उंच ठोकळा लागेल, आमची मुलंही ठोकळ्यावरूनच चढतात. तीन पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना ठेवता येईल असा."

"ठोकळा मी आणते," आक्का म्हणाली.

मास्तर बादलीवरून उठले. "गाडीवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगतो. तीन आठवडे. पुढचं माझ्या हातात नाही." मग आक्काकडे न बघता, "वर माझ्या शाळेतलं दुसरं माणूस बसेल. तुम्ही खाली, दोर धरून. डॉक्टर लिहून देईपर्यंत तुम्ही घोड्यावर बसायचं नाही. आणि तो पट्टा घरी न्या. ज्यानं उसवला त्यालाच शिवू दे."

घरी आली तेव्हा चादर दोरीवर वाळत होती, टोकं नीट जुळवलेली, शिंप्याच्या हातची. नवरा दारातच उभा होता. तिनं पट्टा त्याच्या हातात दिला. तो समजला.

"सगळं सांगितलंस?"

"सगळं. तुमचं नावसुद्धा."

"माझं कशाला!" तो म्हणाला, पण सुई ओवायला लागला. मेण लावून दोरा ताणताना म्हणाला, "आता चारऐवजी आठ टाके घालतो. घोडी जाणार की राहणार?"

"तीन आठवड्यांनी कळेल. तिच्यावर चढायला तीन पायऱ्यांचा ठोकळा करून घ्यायचाय. मी वर बसणार की नाही ते डॉक्टर सांगतील. सोमवारी सकाळी नंबर लावायचाय."

ती खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. पाणी प्यायली. पुन्हा टेकली, पुन्हा उठली. नवऱ्यानं मशीनवरची मोजपट्टी उचलून तिला दिली. पट्टीवर निळ्या खडूनं एक खूण होती.

"काल घोडीशेजारी उभा होतो ना, तेव्हा रिकीब जमिनीपासून किती ते मोजलं. सवय. सुताराला म्हणावं, सगळ्यात वरची पायरी या खुणेएवढी कर, म्हणजे कुणाचाच गुडघा वर यायला नको."

आक्कानं पट्टी गुंडाळून मुठीत घेतली. सुतार सहाला दुकान बंद करतो. ती चपला घालून सुताराकडे ठोकळा सांगायला निघाली.